सरासरी दोन

बावीस वर्षं मी ती गाडी चालवली.
पहाटे पाच-दहाला एल्डन फॉर्क्सच्या पंपावरून सुटायची,
साडेनवाला सास्काटूनच्या हॉस्पिटलपाशी.
मधे चौदा थांबे. त्यांतले नऊ नुसते फाटे:
एक पत्रपेटी, एक खांब, आणि वारा.

मंत्रीसाहेब टीव्हीवर म्हणाले,
गाडीत सरासरी दोन माणसं असतात.
दोन माणसांसाठी आपण किती दिवस
रिकाम्या खुर्च्या फिरवत बसायचं?
छान बोलले. आवाजही छान आहे त्यांचा.
सोफ्यावर बसल्या बसल्या मेव्हण्यानं मान डोलावली.
मीही डोलावली असती,
पण ती दोन माणसं माझ्या ओळखीची निघाली.

सोमवार, बुधवार, शुक्रवार: व्हेल्मा नाटोमागन.
तिचं रक्त यंत्रातून धुऊन आणावं लागे.
परतीला ती हमखास झोपायची, तोंड उघडं टाकून,
आणि तिच्या फाट्याच्या दोन मैल अलीकडे
मी रेडिओ जरा मोठा करायचो.
इतकंच. हाक मारायचो नाही.

गुरुवारी ओरेस्ट होलुबोविच, वय एक्क्याऐंशी.
डोळे गेले, त्यांच्यामागे लायसन गेलं.
बायको शहरात, वृद्धाश्रमात. ती त्याला ओळखत नसे,
त्यानं नेलेले बटाट्याचे पिरोगी मात्र ओळखायची.

आणि एकदा, जानेवारीत, ती मुलगी.
घरातल्या सपाता पायात, कोटाच्या आत पोर.
कुठं जायचंय, विचारलं. म्हणाली, कुठंही.
मी कुठंहीचं तिकीट फाडलं.
हिशेबात तिची एकच नोंद असणार,
तान्ह्याला तिकीट नसतं.

तिकीट तर खालच्या कप्प्यालाही नसायचं.
रक्ताच्या नळ्या, कापणीयंत्राचा पट्टा,
वाचनालयाची खोकी, एकदा लग्नाचा झगा,
ज्याला मी रस्ताभर खड्डे चुकवत नेलं.

मोजणी फेब्रुवारीत झाली.
माणूस भला होता, त्याला थर्मासातली कॉफी दिली.
तीन दिवस हिमवादळ. दोन दिवस रस्ता बंद.
त्यानं कागदावर शून्य लिहिलं, शून्य लिहिलं,
आणि तिसऱ्या दिवशी स्वतःला धरावं की नाही
हे मला विचारलं.

मग पत्रक निघालं. गुळगुळीत कागद,
चौकोनी कुटुंब, बत्तीसच्या बत्तीस दात,
मागं गहू, आमच्याकडं उगवत नाही इतका हिरवा.
'तुमचा पैसा, तुमच्या हाती.'
गावोगावी ते माझ्याच गाडीतून पोचलं.
सहा गठ्ठे. फाट्याफाट्यावर मीच उतरवले,
व्हेल्मानं एक टोक धरलं.

आता व्हेल्मा शहरात राहते, तळघरातल्या खोलीत.
खिडकीतून गाड्यांची चाकं दिसतात, म्हणते.
गावच्या पाटीवरचा आकडा कुणी बदलला नाही,
एका माणसासाठी कोण रंग काढणार?
ओरेस्ट गुरुवारी मधल्या कच्च्या वाटांनी जातो,
ताशी वीस मैल, नाक काचेला.
पोलिसाला तो दिसतो, आणि दिसत नाही.
तशी दुसरी मुलगी आली असेल का पंपावर,
पाच-दहाला, मला माहीत नाही.
मेव्हण्याचे पैसे वाचले. किती, तो सांगत नाही.

गाडी लिलावात गेली.
कॅम्पेऊ नावाच्या माणसानं घेतली, कोंबड्यांसाठी.
परवा बघून आलो. सगळ्या खुर्च्या भरलेल्या,
खिडकीशी बसायला मारामारी.
मी सवयीनं आरशात पाहिलं,
मोजायला लागलो,
आणि चौदाव्या खुर्चीपाशी, व्हेल्माच्या,
रेडिओचं बटण शोधत राहिलो.